पाहिलं कोणाला, सांगितलं कोणाबद्दल

एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघाला होता. वाटेत अपघात झाला, मागे बसलेला माणूस पडला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. वकिलानं त्याला जवळच्या दवाखान्यात पोचवलं आणि तो आपल्या कामासाठी कोर्टात निघून गेला. जखमी माणूस पुढे दगावला. म्हैसूरमधल्या एका माणसानं हा प्रसंग जोन मिलर या अमेरिकी संशोधिकेला सांगितला. मिलर शिकागो आणि म्हैसूर या दोन शहरांतल्या लोकांना त्यांच्या माहितीतल्या माणसांच्या बऱ्यावाईट वागण्याविषयी बोलतं करत होती. वकील असा का वागला, असं विचारल्यावर अमेरिकी लोकांचं उत्तर बहुधा त्याच्या स्वभावाकडे वळलं: बेजबाबदार माणूस, स्वतःच्या कामापलीकडे न पाहणारा. भारतीयांची उत्तरं परिस्थितीकडे वळली. कोर्टात पक्षकार खोळंबला असेल, वकील म्हणून तिथं जाणं त्याला भागच होतं, मार किती गंभीर आहे हे त्याच्या लक्षात आलं नसेल.

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक नोंद होती आणि ती जास्त महत्त्वाची आहे. दोन्ही देशांतल्या आठ वर्षांच्या मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. वय वाढत गेलं तसा तो वाढत गेला. म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याचं कारण कुठं शोधायचं हेसुद्धा माणूस आपल्या समाजात वाढता वाढता शिकतो.

ही गोष्ट सामान्य माणसाला लागू असेल, तर मानसशास्त्रज्ञाला का नसावी? ‘माणूस असा का वागतो’ या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्रानं अनेक उत्तरं दिली. मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधनिक मानसशास्त्र, मेंदूविज्ञान ही नावं पाठ्यपुस्तकात एकाखाली एक येतात आणि जणू प्रत्येक नव्या सिद्धांतानं जुन्याला बाद केलं असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक दृष्टिकोन एका विशिष्ट जागी, विशिष्ट माणसांना (कधी कधी उंदरांना) पाहून तयार झाला आणि मग सगळ्या मानवजातीबद्दल बोलू लागला. त्याचं बळ आणि त्याची चूक दोन्ही तिथूनच आली.

सुरुवात व्हिएन्नापासून करावी लागते. लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंटनं १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली होती, पण तिथं संवेदना, प्रतिक्रियेला लागणारा वेळ यांची मोजमापं चालत. माणूस दुःखी का होतो, स्वतःचंच नुकसान का करून घेतो, हे प्रश्न डॉक्टरांच्या दारात उभे होते. १८८० मध्ये योझेफ ब्रॉयर या डॉक्टरकडे बर्था पापेनहाइम ही एकवीस वर्षांची मुलगी उपचाराला आली. आजारी वडिलांची शुश्रूषा करताना तिचा हात लुळा पडला होता, दृष्टीत बिघाड होत होता, मातृभाषा असलेली जर्मन तिला बोलता येईनाशी झाली होती. शरीरात दोष सापडत नव्हता. बोलून मोकळं झालं की लक्षणं काही काळ ओसरतात, हे तिनं आणि ब्रॉयरनं मिळून ताडलं. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावानं तिची हकिगत छापली आणि मनोविश्लेषणाचा पाया घातला गेला.

फ्रॉइडनं स्वतः तिच्यावर कधीच उपचार केले नव्हते. ती बरी झाल्याचा पुस्तकातला सूरही खरा नव्हता. १९७० च्या दशकात हेन्री एलेनबर्गर या इतिहासकारानं जुनी कागदपत्रं शोधली, तेव्हा ब्रॉयरचे उपचार संपल्यावर तिला स्वित्झर्लंडमधल्या एका आरोग्यधामात ठेवावं लागलं होतं असं उघड झालं. पुढे मात्र हीच बर्था जर्मनीतली नावाजलेली समाजसेविका झाली. १९०४ साली तिनं ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. तिच्या आयुष्याचं हे दुसरं पर्व त्या प्रसिद्ध हकिगतीत कुठंच मावलं नाही.

तरीही फ्रॉइडचं देणं लहान नाही. माणसाला स्वतःच्या वागण्याची सगळी कारणं ठाऊक नसतात, बालपण प्रौढ वयात बोलत राहतं, आणि रुग्णाचं म्हणणं तासन्‌तास ऐकून घेणं हाच उपचार असू शकतो, या तीन गोष्टी त्यानं जगाच्या गळी उतरवल्या. अडचण पुराव्याची होती. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यानं नेमकं बोट ठेवलं: एक माणूस मुलाला बुडवायला पाण्यात ढकलतो, दुसरा त्याला वाचवायला स्वतःचा जीव धोक्यात घालतो, मनोविश्लेषण दोघांचंही स्पष्टीकरण सारख्याच सहजतेनं देतं. जो सिद्धांत कधी चुकूच शकत नाही, तो तपासायचा कसा?

पॉपरचा आक्षेप तर्काचा होता. दुसरा आक्षेप कोलकात्याहून गेला, आणि तो अनुभवाचा होता. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये तिथं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा सुमारे पंधरा वर्षं पत्रव्यवहार होता. बोस भक्त नव्हते. फ्रॉइडच्या सिद्धांतात मध्यवर्ती असलेली लिंगच्छेदाची भीती आपल्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, असं त्यांनी १९२९ साली थेट कळवलं. माणसाच्या मनात परस्परविरोधी इच्छांच्या जोड्या असतात, असा स्वतःचा सिद्धांतही त्यांनी मांडला. फ्रॉइडनं सौजन्यानं उत्तरं दिली, पण आपला ढाचा बदलला नाही. १९३१ मध्ये, त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त कोलकात्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट गेली. ती त्यानं आपल्या टेबलावर ठेवली. मूर्तीला जागा मिळाली, मुद्द्याला मिळाली नाही.

अमेरिकेत तोवर वारं पालटलं होतं. मन दिसत नाही, मोजता येत नाही, तर विज्ञानानं त्याबद्दल बोलूच नये, असं जॉन वॉटसननं १९१३ साली जाहीर केलं. दिसतं ते वर्तन, तेवढंच अभ्यासावं. रशियात इव्हान पाव्हलॉव्हनं कुत्र्यांच्या लाळेवरून दाखवून दिलं होतं की अन्नाबरोबर वारंवार येणारा आवाज पुढे एकटा आला तरी लाळ सुटते. हे अभिसंधान माणसाच्या भीतीलाही लागू पडतं का, हे वॉटसननं १९२० साली रोझली रेनर हिच्यासोबत तपासलं. अल्बर्ट नावानं नोंदलेल्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्यानं हात पुढे केला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा. काही वेळा हे झाल्यावर बाळ नुसता उंदीर पाहूनच रडू लागलं. पुढे ससा, कुत्रा आणि केसाळ कोटही त्याला भिववू लागले. ही भीती काढून न टाकताच त्याला जाऊ दिलं गेलं. आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग मान्य करणार नाही.

चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स हिनं उलटा प्रयोग केला आणि मानसोपचारांच्या इतिहासात तिचं स्थान वॉटसनपेक्षा वरचं असायला हवं. पीटर हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला जाई. मग रोज थोडा जवळ. शेवटी पीटर एका हातानं खाऊ खात दुसऱ्या हातानं सशाला कुरवाळू लागला. उंचीची, लिफ्टची, इंजेक्शनची भीती घालवण्यासाठी आज जगभर जे टप्प्याटप्प्याचे उपचार होतात, त्यांचं मूळ या सशात आहे.

वर्तनवादाला शिखरावर नेलं हार्वर्डच्या बी. एफ. स्किनरनं. वागण्याचा परिणाम काय होतो त्यावर ते वागणं टिकतं की विझतं, हे त्यानं उंदरांवर आणि कबुतरांवर अत्यंत काटेकोरपणे दाखवलं. त्यातला सर्वांत टिकाऊ शोध असा की बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अवचित, अनिश्चित वेळानं मिळालं तर सवय फार चिवट होते. जुगाराच्या यंत्रापासून मोबाइलवरच्या सूचनांपर्यंत या नियमाचा धंदा होतो. पण स्किनरच्याच शिष्यांना त्याची हद्द दिसली. केलर आणि मॅरियन ब्रीलँड हे जोडपं जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी प्राण्यांना शिकवायचं. डुकरांनी लाकडी नाणी उचलून गल्ल्यात टाकायची, मग खाणं मिळायचं. डुकरं शिकली. काही आठवड्यांनी मात्र ती नाणं वाटेत टाकून नाकानं उकरू लागली, वर उडवू लागली. खाणं मिळेना तरी थांबेनात. जातीची उपजत सवय बक्षिसाच्या हिशेबावर मात करत होती. १९६१ साली त्यांनी हे प्रामाणिकपणे छापलं.

त्याआधी विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लोनं माकडांच्या पिल्लांना दोन कृत्रिम आया दिल्या होत्या. एक तारेची, तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काहीच नाही. पिल्लं दूध प्यायला तारेकडे जात आणि बाकीचा दिवस कापडाला बिलगून काढत. हे १९५८ साली प्रसिद्ध झालं. वॉटसननं १९२८ च्या आपल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात आईबापांना बजावलं होतं की मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हवं तर हस्तांदोलन करा. हजारो घरांत हा सल्ला पोचला होता. पिंजऱ्यातून निघालेलं अर्धं सत्य पाळण्यापर्यंत पोचलं की काय होतं, याचं हे उदाहरण आहे.

याच सुमारास एक तिसरा सूर ऐकू येऊ लागला. फ्रॉइडचा माणूस भूतकाळानं बांधलेला आणि स्किनरचा परिस्थितीनं. मग निवड करणारा, अर्थ शोधणारा, वाढू पाहणारा माणूस कुठं गेला? कार्ल रॉजर्सनं रुग्णाला ‘रुग्ण’ म्हणणं सोडलं. समुपदेशकानं मनापासून ऐकावं, समोरच्याला अटींशिवाय स्वीकारावं, स्वतः खोटं वागू नये. बाकीची वाट त्याची त्याला सापडते, असं त्याचं म्हणणं. हे भाबडं वाटू नये म्हणून त्यानं एक धाडस केलं. समुपदेशनाच्या बैठका ध्वनिमुद्रित केल्या आणि १९४२ साली एका माणसाच्या सर्व बैठकांचा शब्दशः वृत्तान्त छापला. बंद दाराआड काय चालतं ते पहिल्यांदाच उघड्यावर आलं. मानसोपचारांचं वैज्ञानिक मोजमाप सुरू करण्यात या ‘मृदू’ माणसाचा वाटा मोठा आहे.

अब्राहम मॅस्लोचं नाव आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात घेतलं जातं. भूक, सुरक्षितता, आपुलकी, मान आणि शेवटी आत्मविकास ही गरजांची उतरंड त्यानं १९४३ साली मांडली. तिचा प्रसिद्ध पिरॅमिड मात्र त्यानं काढलेला नाही. तो नंतर व्यवस्थापनाच्या लेखनातून पसरला. आत्मविकास साधलेली माणसं म्हणून मॅस्लोनं ज्यांचा अभ्यास केला, ती त्यानं स्वतःच निवडली होती. त्यांत लिंकन, आइन्स्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट होते. ज्यांना आपण आधीच थोर मानतो त्यांची यादी करून थोरपणाची लक्षणं काढली, तर हाती आपलीच आवड येते. विनोबांसारखा माणूस त्या पिरॅमिडवर कुठल्या पायरीवर बसवायचा? भूक आणि सुरक्षिततेच्या पायऱ्या बाजूला सारून वर गेलेली माणसं आपल्या परंपरेत डझनांनी सापडतात.

चौथं वळण दोन असमाधानी मनोविश्लेषकांनी घेतलं. फिलाडेल्फियाचा आरन बेक फ्रॉइडचा सिद्धांत सिद्ध करायला निघाला होता. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, असं त्या सिद्धांतात होतं. तर मग नैराश्यग्रस्तांच्या स्वप्नांत तो राग दिसायला हवा. बेकनं स्वप्नं तपासली. राग दिसेना. दिसलं ते अपयश, नकार, गमावलेपण. मग त्यानं रुग्णांच्या जागेपणीच्या विचारांकडे लक्ष दिलं आणि क्षणात मनात येऊन जाणारी, स्वतःला तुच्छ ठरवणारी वाक्यं त्याला सापडली. ती वाक्यं पुराव्यावर घासून पाहायला रुग्णाला शिकवलं, तर नैराश्य उतरतं असं त्यानं दाखवलं. आपण मानत आलेला सिद्धांत खोटा ठरल्यावर नवी दिशा धरण्याचं हे धैर्य विज्ञानात दुर्मिळ आहे.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसनं १९५५ च्या सुमारास हीच वाट अधिक रोखठोकपणे धरली. घटना माणसाला अस्वस्थ करत नाही. ‘असं व्हायलाच हवं होतं’, ‘लोकांनी मला मानलंच पाहिजे’ हा त्यामागचा हट्ट करतो. ही कल्पना ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडून घेतल्याचं एलिस मोकळेपणी सांगे. महाराष्ट्राशी तिचं नातं जुळलं ते मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे. एलिसशी त्यांनी कित्येक वर्षं पत्रांतून वाद घातला, शंका विचारल्या, सुधारणा सुचवल्या आणि विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथल्या समुपदेशकांच्या पिढ्यांना शिकवली. ‘लोक काय म्हणतील’ या धाकात वाढलेल्या मराठी मध्यमवर्गाला ही पद्धत चटकन भिडली यात नवल नाही.

विचारांचं हे दालन उघडत असतानाच एका वनस्पतीनं वेगळीच खिडकी उघडली, आणि तिची कथा मुंबईतून जाते. सर्पगंधेचं मूळ भारतात उन्मादावर आणि निद्रानाशावर पूर्वापार वापरलं जाई. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर वैद्यकीय लेख लिहिला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचा तिचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. १९५४ मध्ये नेथन क्लाइननं न्यूयॉर्क राज्यात ते मनोरुग्णांवर वापरल्याचा अहवाल दिला. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइनसोबत डॉ. वकीलही होते.

पुढचा धागा महत्त्वाचा आहे. रेसरपिन मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. दुसरीकडे क्षयावरच्या आयप्रोनियाझिड या औषधानं काही रुग्णांना उल्हसित केलं होतं, आणि ते औषध हीच रसायनं टिकवून धरत होतं. दोन्ही दुवे जोडून १९६५ पर्यंत ‘नैराश्य म्हणजे मेंदूतल्या रसायनांची कमतरता’ हा विचार रुजला. औषधांनी असंख्य माणसांना उभं केलं, हे निर्विवाद आहे. पण कमतरतेची ही सरळ गोष्ट पुढच्या संशोधनात टिकली नाही. रेसरपिनमुळे नैराश्य येतं हा मूळ पुरावाही आज कच्चा मानला जातो. गोळीनं ताप उतरला म्हणून शरीरात त्या गोळीची कमतरता होती असं कोणी म्हणत नाही; मनाच्या बाबतीत मात्र हा तर्क अर्धशतक चालला.

आतापर्यंतची सगळी उत्तरं माणसाच्या आत शोधलेली होती किंवा त्याच्या सवयींत. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रमनं १९६१ मध्ये बाहेर पाहिलं. जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालू होता आणि ‘मी फक्त हुकूम पाळला’ हा बचाव जग ऐकत होतं. मिलग्रमनं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन न्यू हेवनमधले साधे नागरिक बोलावले. शेजारच्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर वेळी तो वाढवायचा, असं सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. हजारात एखादाच शेवटपर्यंत जाईल असा मनोविकारतज्ज्ञांचा अंदाज होता. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले.

या आकड्यावर भाषणं झडतात, पण मिलग्रमचं खरं काम त्याच्या पुढच्या फेऱ्यांत आहे. झटका खाणारा त्याच खोलीत बसवला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. हुकूम देणारा निघून गेला आणि फोनवरून सांगू लागला, तेव्हा जेमतेम २० टक्के उरले. स्वभाव तेच, अंतर बदललं. पुढे या प्रयोगाच्या नोंदी तपासणाऱ्यांनी काही सहभागींना संशय आला होता, काही वेळा ठरलेल्यापेक्षा जास्त दबाव टाकला गेला, असेही दोष दाखवले. तरी जागा आणि अंतर बदललं की वागणं बदलतं, हा धडा पोलीस ठाण्यापासून वसतिगृहातल्या रॅगिंगपर्यंत आजही उपयोगी आहे.

मग या शास्त्रानं आरशात पाहायला सुरुवात केली. वॉल्टर मिशेलनं स्टॅन्फर्डच्या बालवाडीत मुलांसमोर एक गोड पदार्थ ठेवला होता. थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे परीक्षांत सरस ठरली, असं नंतर दिसलं, आणि संयम हे यशाचं गमक म्हणून ही गोष्ट पालकसभांमध्ये जगभर सांगितली गेली. ही मुलं बहुतेक विद्यापीठाच्या परिसरातल्या सुस्थित घरांतली होती. २०१३ मध्ये रॉचेस्टरला सेलेस्ट किड हिनं प्रयोगाआधी एक छोटी गोष्ट बदलली. काही मुलांना दिलेला शब्द मोठ्या माणसानं आधी पाळला, काहींना दिलेला मोडला. पहिली सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी ३ मिनिटं. शब्द मोडणाऱ्या जगात समोरचं उचलून खाणं हाच शहाणपणा असतो, हे चार-पाच वर्षांच्या पोरांना कळत होतं. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर जुना संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो निम्म्यावर आला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही फार थोडा उरला. ज्या गरीब मुलाला ‘तुझ्यात चिकाटी नाही’ असं सुनावलं गेलं, त्याच्यावर या गोष्टीनं अन्याय केला.

धक्के आणखी होते. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटानं मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत मिळाला. त्याआधी २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की प्रमुख मासिकांतल्या अभ्यासांतले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले असतात. त्या देशांत जगाची १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यांतही मोठा भाग अमेरिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचा. दोन रेघांपैकी कोणती लांब दिसते, वाटणी न्याय्य कधी वाटते, स्वतःची ओळख कशी सांगितली जाते, अशा मूलभूत बाबतींतसुद्धा हा गट पुष्कळदा जगातल्या इतरांपेक्षा वेगळा निघतो. बोस यांनी १९२९ मध्ये पत्रातून जे कळवलं, ते ऐकायला ऐंशी वर्षं लागली.

यावरून हे शास्त्रच फोल असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. गोव्यातलं एक काम त्याला उत्तर आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथं ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. मानसोपचारतज्ज्ञ मूठभर आणि त्रस्त माणसं असंख्य. मग उपचार कोण करणार? २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य, चिंता यांसारखे सर्रास आढळणारे विकार असलेल्या दर शंभरांतल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राचं पूर्वशिक्षण नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं गेलं. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांची पाहणी झाली. नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

या भेटींत काय केलं जाई? बंद पडलेली कामं आणि भेटीगाठी टप्प्याटप्प्यानं पुन्हा सुरू करणं, मनाची उभारी येण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती करणं. अमेरिकेत नील जेकबसननं १९९६ मध्ये बेकची उपचारपद्धती सुटी करून पाहिली, तेव्हा तिचा हा कृतीचा भाग एकटाही संपूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला होता. आणि हा भाग मुळात वर्तनवाद्यांचा. म्हणजे प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यातून निघालेला विचार, रॉजर्सनं शिकवलेल्या ऐकण्याच्या शिस्तीसह, गोव्याच्या आरोग्य केंद्रातल्या बाकावर आला आणि तिथल्या माणसांवर तपासला गेला. कुठलाही एक दृष्टिकोन तिथं जिंकला नाही. प्रत्येकाचा जो अंश कामाचा होता, तो तेवढाच घेतला गेला, आणि तो खरंच लागू पडतो का हे आकड्यांनी पाहिलं गेलं.

अशी परंपरा मराठी मुलखाला नवी नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्यानं बेतली, कारण परदेशी मुलांसाठी केलेले प्रश्न इथल्या मुलांना विचारणं त्यांना चुकीचं वाटलं. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती मानसशास्त्राच्या आधारानंच. हे काम आज कितीतरी पटींनी वाढायला हवं. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावी आजीजवळ राहिलेली मुलं, स्पर्धा परीक्षेच्या नादात पुण्यात सात-आठ वर्षं काढणारे तरुण, मुंबईत रात्रपाळी करून सकाळी घर सांभाळणाऱ्या बाया, यांच्या मनाबद्दल स्टॅन्फर्डच्या बालवाडीतून किंवा व्हिएन्नाच्या दिवाणखान्यातून फार तर इशारे मिळतील.

विद्यापीठांतल्या मानसशास्त्र विभागांनी परदेशी प्रश्नावल्यांची नुसती भाषांतरं करणं थांबवावं, या माणसांकडे जावं, त्यांच्या बोलीत प्रश्न घडवावेत आणि निष्कर्ष मराठीत छापावेत. वाचकाकडूनही एक अपेक्षा आहे. ‘मानसशास्त्र असं सांगतं’ हे शब्द शाळेत, ऑफिसच्या प्रशिक्षणात किंवा मोबाइलवर पुढे आले, की हे कोणाला पाहून सांगितलं, किती जणांना पाहून आणि पुन्हा पाहिल्यावर तसंच दिसलं का, एवढी तीन उत्तरं त्यांनी मागून घ्यावीत.